आकडे जुळवण्याआधी

२ मार्च १९६२. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक ४,१२४. चित्रफीत नाही, उरला आहे तो हातात ‘१००’ लिहिलेला कागद धरलेला त्याचा फोटो. फ्री थ्रोमध्ये एरवी कच्चा असलेल्या या गड्याने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले, तेही दोन्ही हातांनी खालून वर चेंडू भिरकावत. नंतर ती पद्धत त्याने सोडून दिली. त्या मोसमात तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. सामना असतो ४८ मिनिटांचा! (जादा वेळही धरला आहे.) आजचे प्रशिक्षक आपल्या हुकमी खेळाडूला इतके पिदडणार नाहीत.

तेव्हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, संघ होते ९, आज ३०.

तीन गुणांची रेषा १९७९-८०मध्ये आली. स्टीफन करीने २०१५-१६च्या एका मोसमात तिच्यापलीकडून ४०२ थ्री-पॉइंटर मारले; करीम अब्दुल-जब्बारच्या अख्ख्या कारकिर्दीत एकच.

याच करीमचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ गुणांचा विक्रम लेब्रॉन जेम्सने फेब्रुवारी २०२३मध्ये मोडला. पण लेब्रॉन शाळेतून थेट एनबीएत आला, करीम चार वर्षे कॉलेजात काढून. ती चार वर्षे कुठे धरायची?

आणि बिल रसेल? १३ मोसमांत ११ विजेतेपदे. त्याची खरी ताकद होती समोरच्याचा फटका हवेतच अडवण्यात. मात्र एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४मध्ये. रसेल १९६९लाच निवृत्त झाला होता.