विश्लेषण : अख्खा गोवा ३२ फुल्यांत! क्रॉस स्टिचचा नकाशा इतका अवघड का?

भिंतीवर लावण्याजोगा भारताचा नकाशा क्रॉस स्टिचने भरायचा, तर जवळपास २९ हजार फुल्या घालाव्या लागतात. जगाचा मोठा नकाशा समुद्रासकट भरायला घेतला, तर हा आकडा दीड लाखापर्यंत जातो आणि रोज तासभर सुई हाती धरणाऱ्याची चार वर्षे त्यात जातात. एवढ्या काळात एखाद्या देशाचे नाव बदलते, एखादे राज्य विभागले जाते. मोर किंवा फुलांचा गुच्छ भरताना ही अडचण येत नाही. नकाशात मात्र प्रत्येक चौकट म्हणजे जमिनीचा एक तुकडा असतो आणि तो कोणत्या रंगात भरायचा हे ठरवावेच लागते.

मॅटी, आयडा आणि मोजणी

मराठी घरांत हे काम ‘मॅटीवरचे भरतकाम’ म्हणून ओळखीचे आहे. कापडाच्या चौकटी मोजायच्या आणि प्रत्येक चौकटीत तिरप्या दोन टाक्यांची फुली घालायची. सध्या बहुतेक जण आयडा कापड वापरतात. ‘१४ काउंट’ म्हणजे एका इंचात १४ फुल्या. १६ आणि १८ काउंटचे कापडही मिळते. आकडा वाढला की फुली लहान होते आणि डोळ्यांवरचा ताण वाढतो.

फुलीचा टाका आपल्याकडे नवा नाही. इरकल साडीवर शोभणाऱ्या कसुतीत गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके असतात; त्यातली मेंथी म्हणजे फुलीच. पण कसुतीतला मोर दोन धागे जाड झाला तरी मोरच राहतो. केरळ दोन चौकटी जाड झाले, तर शेजारच्या तमिळनाडूला तेवढी जागा कमी पडते, आणि चूक तिथेच थांबत नाही. पुढची प्रत्येक ओळ तेवढीच सरकत जाते. म्हणून मोठा नकाशा हाती घेणारे आधी कापडावर धुतल्यावर निघणाऱ्या पेनाने दहा-दहा चौकटींची जाळी आखून घेतात. हे काम कंटाळवाणे असते, तरी ते टाळणाऱ्यांवर पुढे शेकडो फुल्या उसवण्याची वेळ येते.

एका फुलीत किती किलोमीटर?

भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. ती ३०० फुल्यांत बसवली, तर १४ काउंटच्या कापडावर नकाशाची उंची साडेएकवीस इंचांच्या आसपास येते. एक फुली म्हणजे जमिनीवरचे १०.७ किलोमीटर आणि एका चौकटीत साधारण ११५ चौरस किलोमीटर भूभाग. या हिशेबाने महाराष्ट्राच्या वाट्याला २,७०० च्या आसपास फुल्या येतात, गोव्याला ३२ आणि बृहन्मुंबईला पाच.

लक्षद्वीपची सगळी बेटे मिळून ३२ चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे एका फुलीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. काटेकोर गणित केले तर लक्षद्वीप नकाशातून गायबच व्हायला हवे. तसे कोणी करत नाही. बेटे गाठीच्या टाक्याने किंवा सुट्या फुल्यांनी दाखवली जातात. ही आकाराची लबाडी असली, तरी छापील नकाशेही लहान बेटे अशीच मोठी करून दाखवतात.

जगाच्या नकाशात परिस्थिती आणखी बिकट होते. ५०० फुल्या रुंदीच्या नकाशात विषुववृत्तावर एक फुली ८० किलोमीटरची होते. गोव्याला मग जेमतेम एक फुली मिळते आणि श्रीलंकेचा सारा डौल पाच-सहा फुल्यांच्या उंचीत मावतो.

त्यातून नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा असेल, तर त्याची किंमत थेट हातांना मोजावी लागते. आफ्रिका खंड ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट मोठा आहे, पण मर्केटरच्या नकाशात दोघे जवळपास सारखे दिसतात. म्हणजे एका बर्फाळ बेटासाठी आफ्रिका खंडाइतक्याच फुल्या, त्याही बहुतांशी पांढऱ्या. शाळेत न उमगलेले प्रक्षेपण इथे मनगटाला कळते. ध्रुवांकडे कमी फुगणारे प्रक्षेपण निवडले, तर कित्येक तास वाचतात.

किनारा नेमका कुठे वळतो?

भारताच्या किनारपट्टीची लांबी अनेक दशके ७,५१६ किलोमीटर अशी शिकवली गेली. नव्या मोजणीत ती सुमारे ११,०९९ किलोमीटर निघाली. जमीन वाढली नव्हती. मोजणी अधिक बारकाईच्या नकाशांवरून झाली, त्यामुळे आधी सरळ धरलेल्या खाड्या आणि वळणे हिशेबात आली. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब, हा मुद्दा गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण देऊन मांडला होता.

क्रॉस स्टिचमध्ये ही मोजपट्टी म्हणजे फुली. १०.७ किलोमीटरच्या फुलीत कोकणातली एकही खाडी धड मावत नाही आणि किनाऱ्याचा जिना होतो. त्यावर उपाय दोन. चौकटीचा अर्धा किंवा पाव भागच भरायचा, किंवा फुल्यांच्या कडेने एकेरी धाग्याची बॅकस्टिच, म्हणजे हातशिलाईतली टीप, घालायची. टीप तिरपी जाऊ शकते, त्यामुळे जिन्याच्या पायऱ्या झाकल्या जातात. नद्या, सीमा आणि बारीक अक्षरे यांचा भारही तिच्यावरच असतो. नकाशाला जिवंतपणा येतो तो बहुतेकदा या शेवटच्या टिपेमुळे.

समुद्र रिकामा का ठेवतात?

कारण दोऱ्याचे आहे. एका लडीत आठ मीटर दोरा आणि त्यात सहा पदर असतात. १४ काउंटवर दोन पदर घेऊन भरले, तर एका लडीत साधारण दीड ते दोन हजार फुल्या होतात. जगाच्या नकाशातला लाखभर फुल्यांचा समुद्र भरायला एकाच निळ्या रंगाच्या ५० हून अधिक लडी लागतील. शिवाय रंगाचा क्रमांक तोच असला, तरी रंगवण्याचा घाणा वेगळा असेल तर छटेत फरक पडू शकतो. अटलांटिकच्या मध्यावर उभा पट्टा उमटावा असे कोणालाच वाटत नाही. त्यामुळे निळे कापडच घेऊन फक्त जमीन भरणे हा शहाणपणाचा मार्ग मानला जातो.

समुद्राच्या रंगाची सर्वात गाजलेली गोष्ट अफगाणिस्तानातली आहे. इटालियन कलावंत अलिघिएरो बोएत्ती यांनी १९७१ पासून काबूलमधल्या महिलांकडून जगाचे नकाशे भरून घेतले. टाका फुलीचा नव्हता, पण काम हातभरतकामाचेच. प्रत्येक देश त्याच्या राष्ट्रध्वजाच्या रंगांत. एकदा एका नकाशातला समुद्र गुलाबी होऊन आला. समुद्रकिनारा नसलेल्या देशातल्या त्या महिलांनी हाताशी होता तो दोरा वापरला होता. बोएत्तींना ते इतके आवडले, की पुढे समुद्राचा रंग ठरवणे त्यांनी भरणाऱ्यांवरच सोडले. सोव्हिएत आक्रमणानंतर हे काम पाकिस्तानातल्या पेशावरमध्ये, निर्वासित अफगाण महिलांकडे गेले. १९९४ मध्ये बोएत्तींचे निधन होईपर्यंत सुमारे १५० नकाशे तयार झाले. ते कालक्रमाने पाहिले तर सोव्हिएत संघ फुटताना दिसतो.

भारताच्या नकाशात कोणती काळजी?

परदेशी संकेतस्थळांवरून विकत घेतलेल्या नकाशाच्या चार्टमध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाखचा भाग अनेकदा तोडून किंवा तुटक रेषेने दाखवलेला असतो. भारताचे अधिकृत क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात पाकिस्तान व चीनच्या ताब्यातला सुमारे १ लाख २१ हजार चौरस किलोमीटरचा भाग धरलेला आहे. वरच्या हिशेबाने हा हजाराहून अधिक फुल्यांचा फरक झाला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमानुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून चार्ट घेतल्यावर पहिली फुली घालण्याआधीच तो अधिकृत नकाशाशी ताडून पाहावा. दोन वर्षांनी चूक लक्षात आली, तर हिमालय उसवावा लागेल.

भरलेल्या नकाशाला राजकीय अर्थ असतो, हे पॅलेस्टाइनमध्ये अधिक ठळकपणे दिसले. फुलीचा टाका हा तिथल्या ‘तत्रीझ’ भरतकामाचा कणा; २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेची दखल घेतली. १९८७ नंतरच्या इंतिफादात, ध्वज फडकवण्यावर इस्रायलची बंदी असताना, महिलांनी पारंपरिक झग्यांवर पॅलेस्टाइनचा नकाशा आणि ध्वजाचे रंग फुल्यांनी भरले. झेंडा हिसकावून घेता येत होता, अंगावरचा झगा काढून घेणे अवघड होते.

त्या मानाने युरोपातले जुने भरलेले नकाशे निरुपद्रवी वाटतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शाळांत मुलींना भूगोल आणि भरतकाम एकाच दमात शिकवण्यासाठी नकाशे भरायला देत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १७९९ साली सुरू झालेल्या वेस्टटाउन या क्वेकर शाळेतल्या मुली तर रेशमी कापडाचे पृथ्वीगोल शिवून त्यावर अक्षांश-रेखांश भरत.

सीमा बदलली तर?

नकाशा कसा भरला आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. प्रत्येक राज्य वेगळ्या रंगात असेल, तर बदल महागात पडतो. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाले. वरच्या मापाच्या नकाशात ते सुमारे ९७५ फुल्यांचे आहे. तासाला १०० फुल्यांचा वेग धरला, तर नुसते पुन्हा भरायलाच दहा तास; उसवण्याचा वेळ वेगळा, आणि उसवताना कापडाची भोके सैल होतात ती निराळीच. सगळा देश एकाच रंगात भरून राज्यांच्या सीमा फक्त टिपेने दाखवल्या असतील, तर काम एका संध्याकाळचे. लडाख केंद्रशासित झाला तेव्हा, ३१ ऑक्टोबर २०१९ नंतर, अशा नकाशांत टिपेची एक ओळ वाढवावी लागली. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले तेव्हा तेवढेही करावे लागले नाही. या मापात दमण आणि दीव यांपैकी एकालाही स्वतःची पूर्ण फुली नाही.