गणित पदवी-अभ्यासक्रमाचे मूल्यमापन

महाविद्यालयातील गणित विभाग पदवीपर्यंतचे जे शिक्षण देतो, त्याची उद्दिष्टे कोणती, ती कितपत साध्य होतात आणि होत नसल्यास त्याची कारणे कोणती, यांची पुराव्यांच्या आधारे केलेली पद्धतशीर तपासणी. विद्यार्थ्याची परीक्षा व विभागाचे मूल्यमापन या भिन्न गोष्टी आहेत. परीक्षेत विद्यार्थ्याने काय आत्मसात केले हे पाहतात. मूल्यमापनात त्याला विभागाचा हातभार किती लागला हे पाहावयाचे असते. मुळातच चांगली तयारी असलेले विद्यार्थी ज्या विभागाकडे येतात, त्याचा निकाल उत्तम लागतो. परंतु तेवढ्यावरून तेथील अध्यापनाची गुणवत्ता सिद्ध होत नाही.

ऐतिहासिक आढावा : एकाच मापावर भर दिल्याने काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे केंब्रिज विद्यापीठाची मॅथेमॅटिकल ट्रायपॉस ही परीक्षा. तीत प्रथम श्रेणी मिळविणाऱ्यांना ‘रँग्लर’ व त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. र. पु. परांजपे यांना हा बहुमान १८९९ मध्ये मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय होत. गुणानुक्रमास अवास्तव महत्त्व आल्याने विद्यार्थी खाजगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षे तयारी करीत. एडवर्ड राउथ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शिक्षक होत. त्यांचे वीसहून अधिक विद्यार्थी सीनियर रँग्लर झाले. परंतु क्लिष्ट उदाहरणे झपाट्याने सोडविण्याच्या या कौशल्यामागे यूरोप खंडात विकसित झालेले काटेकोर गणितीय विश्लेषण दुर्लक्षित राहिले. १८९८ मध्ये चौथे रँग्लर ठरलेले जी. एच्. हार्डी यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली.

अमेरिकेत मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेने पदवी-अभ्यासक्रमाच्या विचारार्थ १९५३ मध्ये समिती नेमली. तिचे अहवाल पुढे वेळोवेळी प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये संस्थेने विभागांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विभागाने स्वतःची तपासणी करावी व बाहेरील तज्ञांकडूनही ती करून घ्यावी, या पद्धतीचा त्यांत पुरस्कार केलेला आहे.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. तिचे मूल्यांकन मुख्यतः संपूर्ण संस्थेचे असते. त्यामुळे एखाद्या विभागाचे गुणदोष संस्थेच्या एकत्रित श्रेणीत झाकले जाऊ शकतात. शिवाय संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरविते व पदवीची मुख्य परीक्षा विद्यापीठ घेते. विभागाच्या हाती प्रामुख्याने अध्यापन, सराव व अंतर्गत चाचण्या राहतात. म्हणून मूल्यमापन करताना विद्यापीठाची व विभागाची जबाबदारी वेगवेगळी पाहणे आवश्यक असते. स्वायत्त महाविद्यालयांत ही मर्यादा बरीच शिथिल होते.

पुराव्याचे प्रकार : (१) निकाल व गळती : समजा, प्रथम वर्षात १०० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांतील ४० तृतीय वर्षाला पोहोचले व ३६ उत्तीर्ण झाले. अंतिम परीक्षेचा निकाल ९० टक्के दिसतो. पण प्रवेश घेतलेल्यांपैकी केवळ ३६ टक्के पदवीधर झालेले असतात. उरलेले ६४ कोठे गेले, याची नोंद बहुधा निकालपत्रकात सापडत नाही. त्यांतील काहींनी विषय बदललेला असेल, काहींनी शिक्षण सोडलेले असेल. दोहोंचा अर्थ निराळा होतो.

(२) प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका : रोलच्या प्रमेयाची सिद्धता लिहिण्यास सांगितल्यास ती पाठ करून लिहिता येते. याउलट, −१ ते १ या अंतरालात क्ष या संख्येच्या केवल मूल्याचे फलन दोन्ही टोकांना समान मूल्य घेते व सलगही असते. तरीही त्याचा अवकलज कोठेच शून्य का होत नाही, असे विचारल्यास शून्य या बिंदूपाशी अवकलनक्षमतेची अट मोडते हे ओळखावे लागते. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न वर्षानुवर्षे विचारलेच गेले नसतील, तर उच्च गुणांवरून आकलनाविषयी फारसे अनुमान काढता येत नाही.

(३) पुढील वाटचाल : पदव्युत्तर प्रवेश, अध्यापन, संख्याशास्त्र, संगणन इ. क्षेत्रांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना कोणत्या शिक्षणाचा उपयोग झाला व कशाची उणीव भासली, याची माहिती मोलाची असते.

(४) अध्यापनाची परिस्थिती : वर्गाची संख्या, लेखी कार्य तपासून परत मिळण्यास लागणारा काळ, ग्रंथालय व रिक्त पदे यांचा विचार येथे होतो. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी माध्यमाच्या पदवी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण गणिताची आहे की भाषेची, हेही तपासावे लागते.

कारणमीमांसा : आकडे कमतरता दाखवितात, तिचे कारण सांगत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७०–८० या दशकात यूरी ट्राइसमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर अनुत्तीर्ण का होतात, याचा शोध घेतला. अपुरी प्रेरणा, कौटुंबिक अनास्था इ. गृहीत धरलेली कारणे प्रत्यक्ष निरीक्षणात टिकली नाहीत. हे विद्यार्थी एकेकटे अभ्यास करीत, तर चिनी वंशाचे अनेक विद्यार्थी गटाने चर्चा करून उदाहरणे सोडवीत, असे त्यांना आढळले. त्यानंतर गटाने सोडविण्यासाठी अधिक अवघड उदाहरणे देणारे वर्ग योजण्यात आले व निकालात लक्षणीय सुधारणा झाली. जे अपयश विद्यार्थ्यांच्या कुवतीवर ढकलले जात होते, त्याचा उपाय शिक्षणाच्या रचनेत सापडला.

मर्यादा : गणिती परिपक्वता हळूहळू येत असल्याने एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. लहान विभागात दोनचार विद्यार्थ्यांच्या फरकानेही टक्केवारी मोठ्या प्रमाणात बदलते. मूल्यमापनावर अनुदान वा बढती अवलंबून असल्यास उणिवा लपविण्याकडे कल होतो, तसेच अहवाल लिहिण्यातच अध्यापनाचा वेळ खर्ची पडतो. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदी, विविध प्रकारचा पुरावा व बाहेरील तज्ञांचे मत यांची सांगड घालणे इष्ट ठरते. मूल्यमापनातून अध्यापनात कोणता बदल झाला व त्या बदलाची पुन्हा तपासणी झाली की नाही, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते.