प्लगची वायर आणि रेडिओची खरखर

गाडीतल्या रेडिओवर खरखर सुरू झाली, की आपण रेडिओला दोष देतो. मीही दिला होता.

आमच्या घरी अब्बांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. पण हौसेनं जपलेल्या खासगी गाड्या अजून दिसतात, त्यांतलीच ही एक. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट वरचेवर जळायचे, म्हणून काही वर्षांपूर्वी मी बाहेरून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच आणून बसवला. सोबत नव्या प्लग वायरीही घेतल्या. दुकानदार म्हणाला, "अस्सल तांब्याच्या आहेत, करंट सरळ जातो." मला पटलं. तांब्यापेक्षा चांगलं काय असणार?

मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटाच्या चढावर रेडिओची खरखर वाढली. ॲक्सिलरेटर दाबला की खरखर वाढे, सोडला की कमी होई. मग इंजीन मिसिंग करू लागलं आणि एका वळणावर गाडीनं दम सोडला. मागच्या सीटवर अम्मी, मागे ट्रकांची रांग आणि दिवस मावळत आलेला. कशीबशी गाडी कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात त्यांनी, बॉनेट उघडून पाहिलं. म्हणाले, "भाई, वायर करंट नेते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती वाटेत करंट सांडत नाही ना, हे बघायचं असतं."

हे 'सांडणं' समजून घेण्यासारखं आहे. साध्या पॉइंटच्या व्यवस्थेत कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. इलेक्ट्रॉनिक संच आणि त्याच्या जोडीची दमदार कॉइल तीस-चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकते. या दाबानं प्लगमध्ये ठिणगी पडते आणि ठिणगीबरोबर रेडिओ लहरीही उठतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. मार्कोनींचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीवरच चालत. चार सिलिंडरचं इंजीन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. साध्या तांब्याची वायर त्या सगळ्यांना एरियलसारखी बाहेर फेकते.

जुन्या पॉइंटला या गोंगाटाचं काही वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक संच मात्र सेन्सरकडून येणाऱ्या अगदी बारीक इशाऱ्यावर चालतो. गोंगाटालाच तो इशारा समजला, तर ठिणगी अवेळी पडते किंवा चुकते. घाटात माझं हेच झालं होतं. असे संच बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या साधी तांब्याची वायर वापरू नका, असं पत्रकात लिहितात. ते पत्रक मी वाचलंच नव्हतं.

मग घ्यायची कोणती? कार्बनच्या गाभ्याची वायर स्वस्त असते. तिचा रोध फुटाला काही हजार ओहम असतो, त्यामुळे गोंगाट दबतो. पण उष्णतेनं आणि ओढाताणीनं तो गाभा कालांतरानं तुटतो. दुसरी वायर सर्पिल गाभ्याची. तिच्यात बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिचा रोध बराच कमी असतो आणि गोंगाट वेटोळ्यांतच अडतो. बाहेरून बसवलेल्या संचाला हीच उत्तम.

रोधामुळे ठिणगी दुबळी होणार नाही का? हिशेब करून पाहू. साध्या कॉइलच्या ठिणगीत प्रवाह असतो काही दशांश मिलिअँपिअरचा नव्हे, तर काही दहा मिलिअँपिअरचा, ५० धरू. दहा हजार ओहमच्या वायरीत त्यानं फक्त ५०० व्होल्ट खर्च होतात. हजारो व्होल्टांपुढे ते किरकोळ आहेत. कपॅसिटरवर चालणाऱ्या सीडीआय संचात मात्र प्रवाह क्षणभर फार मोठा असतो, तिथे कमी रोधाची सर्पिल वायरच हवी.

गाभ्याइतकंच महत्त्व वरच्या आवरणाचं. वाढलेला दाब जुन्या रबरातून फटी शोधतो. सिलिकॉनच्या आवरणाची ८ मिलिमीटर जाडीची वायर घ्यावी. ती उष्णता चांगली सोसते. मात्र सिलिकॉन फाटतं लवकर. म्हणून काढताना वायर न ओढता टोकाचं रबरी बूट धरून हलकेच फिरवावं.

वायरी एकमेकींना चिकटून बांधू नयेत. पद्मिनीत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे ३ आणि ४ हे शेजारी लागोपाठ पेटतात, तसेच २ आणि १. त्यांच्या वायरी समांतर गेल्या, तर एकीचा दाब दुसरीत उतरू शकतो. शंका असेल तर अंधारात इंजीन चालू ठेवून दुरून पाहावं. निळसर चमक दिसली, तर वायर गळते आहे. हात मात्र लावू नये. इंजीन बंद करून मीटरनं रोध मोजावा. एखादी वायर तिच्याच लांबीच्या दुसरीपेक्षा फारच जास्त दाखवत असेल, तर पूर्ण संचच बदलावा.

मामांनी सर्पिल गाभ्याच्या वायरी बसवल्या. त्यानंतर पद्मिनी कसारा अनेकदा चढली. घाटात मी अजूनही रेडिओ लावतो. गाण्यांसाठी तर लावतोच. पण खरखर ऐकू आली, तर आधी बॉनेट उघडायचं, हे आता पक्कं ठाऊक आहे.