१२८ जागांचा तक्ता

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, हे माणसांनीच आपसांत ठरवावं लागतं. १९६० च्या सुमारास अमेरिकेत यंत्रागणिक संकेत वेगळे होते आणि एका यंत्राचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. हा घोळ निस्तरायला ऑक्टोबर १९६० मध्ये एक समिती बसली. आयबीएमचे बॉब बेमर या कामाचे खंदे पुरस्कर्ते होते. जून १९६३ मध्ये मानक प्रसिद्ध झालं, तेच 'आस्की'.

त्याची मुळं तारायंत्रात आहेत. फ्रान्सच्या एमिल बोदो यांच्या १८७४ च्या संकेतात प्रत्येक अक्षराला पाच खुणा होत्या, म्हणजे जागा फक्त ३२. त्यामुळे अक्षरं आणि अंक एकाच जागेत राहत आणि 'आता अंक येतील' हे आधी वेगळं कळवावं लागे. ती सूचना वाटेत हरवली की पुढचा सगळा मजकूर बिघडे. आस्कीने सात बिट (म्हणजे शून्य किंवा एक अशा सात खुणा) घेतले, जागा १२८ झाल्या आणि प्रत्येक चिन्हाला स्वतःचा आकडा मिळाला.

या तक्त्याची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोठ्या 'ए'चा आकडा ६५ आणि छोट्याचा ९७. दोन्हींत अंतर ३२ चं, म्हणजे नेमक्या एका बिटाचं: १०००००१ आणि ११००००१. सगळ्या २६ अक्षरांना हाच नियम लागू आहे. पाच हा अंक ०११०१०१ असा लिहितात. त्यातले शेवटचे चार बिट म्हणजेच पाच. ७ हा आकडा टेलिप्रिंटरची घंटा वाजवतो. १२७ची गोष्ट तर फारच सुंदर. मजकूर साठवायच्या कागदी फितीवर चुकून पाडलेलं भोक बुजवता येत नाही, पण उरलेली पाडता येतात. म्हणून सातही भोकं पाडली की ते अक्षर खोडलं, असं ठरलं. भोक म्हणजे एक, आणि सात वेळा एक म्हणजे १२७.

छोटी अक्षरं १९६७ च्या आवृत्तीत पक्की झाली. ११ मार्च १९६८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी सरकारी संगणकांसाठी आस्की सक्तीचा केला. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांनी मात्र आपला वेगळा संकेत सोडला नाही.

या १२८ जागांत देवनागरीला थारा नव्हता. भारताने १९९१ च्या 'इस्की' मानकात आस्की तसाच ठेवून आठव्या बिटाच्या आधारे भारतीय लिप्या वरच्या भागात बसवल्या. छपाईच्या धंद्यात मात्र वेगळीच वाट रुळली: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असे. तो फॉन्ट नसला की मजकूर अगम्य होई, आणि त्यात मराठी शब्द शोधणं अशक्यच.

पुढे सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाने देवनागरीला हक्काच्या १२८ जागा दिल्या, त्याही इस्कीच्या क्रमाच्या आधाराने. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युनिकोडचे आकडे साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत रचली. तिचे पहिले १२८ आकडे हुबेहूब आस्कीचे आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (आठ-आठ बिटांचे गट) लागतात, पण इंग्रजी आणि मराठी एकाच फाइलीत सुखाने नांदतात.

आस्की टिकला तो बहुतेकांनी एकच तक्ता मानला म्हणून. मराठीलाही तोच नियम लागू आहे. आपल्या संस्थांच्या, मासिकांच्या, लेखकांच्या फाइली अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या असतील, तर ते फॉन्ट चालताहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवा.