गोंधळाची संहिता आणि साथीदाराचे स्थान

गोंधळ हा विधी, नाट्य की आख्यानकाव्य, या प्रश्नाची चर्चा मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात पुष्कळ झाली. 'विधिनाट्य' ही संज्ञा रूढ झाल्यावर तो वाद बराचसा निवळला. गोंधळाची संहिता कोणाची, हा त्याहून साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. मोठ्या संचात अनेक माणसे असतात. पण लग्नकार्यानंतर घराच्या अंगणात घातल्या जाणाऱ्या लहान गोंधळाला तिघेही पुरतात : निरूपण करणारा नाईक, संबळ वाजवणारा आणि तुणतुणे धरलेला साथीदार. दिवटीला तेल घालायला यजमानाच्या घरचेच कोणी पुढे होते. या त्रयीचा प्रयोग बारकाईने पाहिला, की संहितेविषयीची रूढ कल्पना अपुरी वाटू लागते.

या प्रकाराचे प्राचीनत्व सांगताना बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त आणि तेराव्या शतकातील 'संगीतरत्नाकरा'त आलेल्या गोंडली नृत्याकडे अभ्यासक बोट दाखवतात. एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडासाठी गोंधळाचे रूपक घेतले, त्यावरून तो त्यांच्या श्रोत्यांच्या किती परिचयाचा होता हे दिसते. परंतु प्रयोगात कोण काय बोलत असे, हे या उल्लेखांतून कळत नाही. पुढे १८९१ मध्ये अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यामागे गोंधळ्यांच्या तोंडची परंपरा होती. मुद्रणात मात्र ती एका कवीची सलग रचना होऊन आली. संपादकांना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना इतिहास हवा होता, प्रयोग नव्हे. पण त्या मुद्रणाने घालून दिलेला साचा लोकसाहित्याच्या पुढच्या संकलनांनीही फारसा न तपासता स्वीकारला.

अंगणातील मांडणी पाहावी. पाटावर वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, कलश, नारळ आणि देवीचा टाक अशी स्थापना झालेली असते. संबळाची दोन भांडी एकमेकांना जोडलेली असतात, एकाचा नाद चढा तर दुसऱ्याचा खर्जातला. ती काठ्यांनी वाजवतात. तुणतुण्याला एकच तार. ती स्वर धरून ठेवते आणि लयही चालवते. गाणे चालू असताना संबळ पुढे असतो. नाईक गद्य निरूपणाकडे वळला, की तो मंदावतो किंवा थांबतो, आणि तुणतुण्याचा साथीदार बोलू लागतो. वाद्य बदलले, की बोलणाराही बदलतो. प्रयोगातील हे वळण श्रोत्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

आवाहनाच्या भागात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी दैवते बोलावली जातात. त्यांच्यात यजमानाचे कुलदैवत आणि गावचा देव यांची भर पडते. ही यादी दर अंगणात वेगळी असते. नाईक एक नाव घेतो, साथीदार झील धरतो आणि तेवढ्या अवधीत पुढचे नाव नाइकाच्या ओठांवर येते. झिलीला निव्वळ पालुपद म्हटले तर तिचे हे काम नजरेतून सुटते. ती नाइकाला श्वास देते आणि आठवायला वेळही देते.

आख्यानात साथीदाराचा वाटा याहून मोठा आहे. 'जांभूळ आख्यान' घ्यावे. द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढले जाते आणि जांभळाच्या प्रसंगाने ती गोष्ट उघडी पडते, हे कथानक व्यासांच्या महाभारतात नाही. पतिव्रतेविषयी असे बोलणे अंगणात बसलेल्या लेकीसुनांसमोर सोपे नसते. अशा वेळी साथीदार नाइकाला अडवतो, शंका काढतो, न समजल्याचे सोंग घेतो. श्रोत्यांच्या मनात उठलेला आक्षेप त्याच्या तोंडून बाहेर पडतो आणि नाइकाला उत्तर द्यावे लागते. द्रौपदीची कबुली, तिची लाज आणि तिची बाजू या उत्तरांतून उलगडत जाते. प्रश्न गाळले तर ती केवळ एक धीट कथा उरते. श्रोते तिच्याशी कसे झगडले आणि तिला कसे सामावून घेऊ लागले, हे मग कळत नाही. कीर्तनाशी तुलना केली तर हा भेद स्पष्ट होतो. कीर्तनकाराच्या मागेही टाळकरी असतात, पण ते त्याला आडवे प्रश्न सहसा विचारत नाहीत. गोंधळाला पूर्वरंग आणि उत्तररंग हे कीर्तनाचे शब्द लावताना म्हणून थोडे थांबायला हवे.

मौखिक काव्याच्या चर्चेत मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांच्या सिद्धान्ताचा आधार वारंवार घेतला जातो. पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि लॉर्ड यांचे विवेचन १९६० मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यातला वीरगायक गुस्ले हे वाद्य स्वतःच वाजवत एकटा गातो. ठरीव शब्दबंधांच्या आधाराने तो गाता गाता रचना करतो. हे सूत्र गोंधळाला जसेच्या तसे लावता येत नाही, कारण येथे रचनेचा भार वाटलेला आहे. नाइकाला शब्दबंध कमी पडले तरी साथीदाराचा प्रश्न त्याला तारून नेतो. मराठी अभ्यासकांनी सिद्धान्त जरूर घ्यावा, पण तो एकट्या गायकाला पाहून बेतलेला आहे याचे भान सोडू नये.

खरी अडचण संकलनाच्या टप्प्यावर सुरू होते. ध्वनिमुद्रणासाठी यंत्र नाइकासमोर ठेवले, तर मागे उभ्या असलेल्या साथीदाराचे बोलणे पुसट येते. लिहून घेणारा ते 'साथ' म्हणून कंसात टाकतो किंवा वगळतो. विद्यार्थ्याच्या हाती पडते ते आख्यान एकाच निवेदकाचे असते, आणि परीक्षेत त्याच्या 'निवेदनशैली'वर प्रश्न येतो. रंगमंचावर वेगळी अडचण असते. विठ्ठल उमप (निधन २०१०) यांनी 'जांभूळ आख्यान' नाट्यगृहात नेले आणि ते थोर ताकदीने गाजवले. परंतु तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचे कुलदैवत नटाला ठाऊक नसते. आवाहनातील यादी तेथे ठरलेलीच असणार.

तिघांचा गोंधळ उतरवून घेताना नाईक आणि साथीदार यांचे शब्द निरनिराळे नोंदवावेत. संबळ कोठे थांबला, झील किती वेळा घेतली गेली, यजमानाच्या घरचे कोणते नाव मध्ये आले, हेही टिपावे. लेखन याने किचकट होईल आणि वाचनीयता काहीशी कमी होईल. पण निदान साथीदाराचा प्रश्न कंसातून बाहेर येईल.