गाणे राहिले, कवीचे नाव गेले!

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, गावोगावच्या बुद्धविहारांवर कर्णे लागतात आणि भीमगीते सुरू होतात. गाणे कोणी गायले, हे लहान पोरेही सांगतात. पण लिहिले कोणी, असे विचारले तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्याने समाज जागवण्यासाठी शब्द जुळवले त्याचेच नाव विसरले जावे, ही गोष्ट आपल्याला शोभत नाही.

जुन्या कवींनी यावर उपाय केला होता. संत चोखोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनीही कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव ओवले. यालाच नाममुद्रा म्हणतात. गाणे जिथे जाईल तिथे नाव त्याच्या पोटात बसून जाते. आता मात्र मोबाईलच्या स्टेटसला गाण्याचा तुकडाच लावतात. शेवटचे कडवे कापले जाते आणि कवीही कापला जातो.

कॅसेटच्या काळात निदान कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे छापलेली असत. पुढे तीच गाणी संगणकात आणि पेनड्राइव्हवर उतरवली गेली. गाणे आले, कव्हर कपाटातच राहिले. फाईलला नाव पडले ‘ट्रॅक ०३’!

यावर तोड आहे. एमपी-थ्री फाईलच्या आत माहिती लिहिण्याची सोय असते, तिला टॅग म्हणतात. कचेरीतला माणूस चटकन समजेल असे सांगतो. फाईलचे नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता, तो कोणीही बदलतो. टॅग म्हणजे आतल्या पत्रावरचा आवक क्रमांक. पाकीट फाटले तरी तो पत्रासोबत राहतो.

१९९६ साली निघालेला पहिला टॅग फाईलच्या शेवटी अवघी १२८ बाइट जागा घेई. त्यात गाण्याचे नाव, गायक, अल्बम, वर्ष, शेरा आणि प्रकार एवढेच रकाने होते. गीतकाराला रकानाच नव्हता, मराठी अक्षरांचीही सोय नव्हती. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या प्रकारात गीतकार आणि संगीतकार यांना वेगळे रकाने मिळाले आणि देवनागरीतही लिहिता येऊ लागले. सोय होऊन इतकी वर्षे झाली, पण आपला रकाना अजून कोराच आहे.

तो भरणे अवघड नाही. संगणकावर ‘एमपी-थ्री टॅग’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर मिळते. त्यात गाणे उघडावे, ‘एक्स्टेंडेड टॅग्ज’मध्ये जाऊन ‘लिरिसिस्ट’ हा रकाना घ्यावा आणि कवीचे नाव लिहावे. काही पथ्ये मात्र पाळावीत. आधी मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवावी. नाव सगळीकडे एकसारखेच लिहावे. एका ठिकाणी ‘वामनदादा कर्डक’ आणि दुसरीकडे ‘वामन कर्डक’ लिहिले तर संगणक ती दोन माणसे समजतो. खात्री नसेल तर रकाना मोकळा सोडावा. अंदाजाने लिहिलेले चुकीचे नाव कोऱ्या रकान्याहून वाईट, कारण ते प्रत्येक प्रतीबरोबर पसरत जाते.

वामनदादांचे नाव पुस्तकांतून तरी टिकेल. खरी काळजी आहे ती उमरगा, कळंब, परंडा, तुळजापूर या भागांतल्या गायन पार्ट्यांची. मजुरी करून रात्री हार्मोनियम-ढोलकी घेऊन बसणाऱ्या कवींचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांच्या गाण्यांची एखादी झिजलेली कॅसेट कोणाच्या तरी ट्रंकेत पडून असेल. ते कवी कोण, हे सांगणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. ती गेली की नाव कायमचे गेले.

तेव्हा विहारात एक रविवार यासाठी राखून ठेवावा. आजी-आजोबांनी गाणे ऐकून नाव सांगावे, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते टॅगमध्ये लिहावे. सोबत गाव आणि वर्षही लिहावे. एका बैठकीत दहा गाणी झाली तरी पुष्कळ. पेनड्राइव्ह पुढच्या गावाला देण्याआधी गीतकाराचा रकाना भरला आहे का, एवढे पाहूनच तो हातातून सोडावा.