भाषा मागणीप्रमाणे : बहुभाषी संकेतस्थळांतील भाषांतर फाइलींची व्यवस्था

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेले कुरुंदवाड १९४८ पूर्वी पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे ठिकाण होते. शिरोळ तालुक्याची हद्द कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याला भिडलेली असल्यामुळे या भागातील बाजारांत मराठीबरोबर कन्नडही सहज कानी पडते. अशा गावातील नागरिकांसाठी दाखले, कर व पूरसूचना यांचे संकेतस्थळ करावयाचे झाल्यास ते एकाहून अधिक भाषांत असावे, याविषयी दुमत होणार नाही. महाराष्ट्राची राजभाषा मराठी, हे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ठरलेलेच आहे. तिच्या जोडीला कन्नड, हिंदी व इंग्रजी द्यावयाची म्हटल्यास प्रश्न उरतो तो असा की, या चारही भाषांचे ओझे प्रत्येक नागरिकाच्या मोबाइलवर लादावे काय?

अशा संकेतस्थळाच्या आज्ञावलीत वाक्ये थेट लिहीत नाहीत. प्रत्येक वाक्यासाठी एक खूण ठरविली जाते आणि त्या खुणेसमोर त्या त्या भाषेतील मजकूर स्वतंत्र फाइलीत नोंदविला जातो. 'अर्ज पाठवा' हे बटण दाखविताना आज्ञावली केवळ खूण वाचते व निवडलेल्या भाषेच्या फाइलीतून शब्द उचलते. फाइल बदलली की भाषा बदलते.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत या फाइलींचे वजन विशेष लक्षात घ्यावे लागते. संगणकजाल आज यूटीएफ-८ या संकेतपद्धतीवर चालते. तीत रोमन अक्षराला १ बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, उकार व अनुस्वार यांनाही, ३ बाइट लागतात. 'कुरुंदवाड' हे नाव रोमन लिपीत ९ अक्षरांचे म्हणून ९ बाइटांचे. देवनागरीत चिन्हे ९ च, पण बाइट २७. कन्नड लिपीचा हिशेबही हाच.

समजा, संकेतस्थळात २,००० वाक्ये असून प्रत्येक वाक्य सरासरी ४० चिन्हांचे आहे. इंग्रजी फाइल ८० हजार बाइटांची, तर मराठी, हिंदी व कन्नड या प्रत्येकी सुमारे २ लाख ४० हजार बाइटांच्या होतील. चारही एकदम पाठविल्यास ८ लाख बाइट. सेकंदाला ५० हजार बिट एवढाच वेग मिळत असेल तर त्यास १२८ सेकंद लागतील. पाठविण्यापूर्वी फाइली दाबून लहान करता येतात हे खरे. पण नको असलेल्या तीन भाषा त्याने हव्याशा होत नाहीत.

जुन्या दप्तरखान्यात कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. एखादा कागद हवा असल्यास कारकून तेवढाच रुमाल सोडी. सारे दप्तर आणून मांडीत नसे. 'लेझी लोडिंग' म्हणजे नेमके हेच. नावात आळस असला तरी हा आळस शहाणपणाचा आहे. पान मागतानाच ब्राउझर नागरिकाच्या पसंतीच्या भाषांची यादी सर्व्हरला कळवितो. त्यावरून एकच भाषा निवडली जाते आणि तिच्यातीलही केवळ उघडलेल्या सेवेचा भाग पाठविला जातो. जन्मदाखल्याच्या अर्जास २०० वाक्ये पुरत असतील, तर वरच्याच हिशेबाने २४ हजार बाइट, म्हणजे सुमारे ४ सेकंद.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीत २०११ पासून पानाच्या प्रत्येक भागाला लागणारेच संदेश, तेही वाचकाच्या भाषेतले, पाठविण्याची सोय आहे. एखाद्या संदेशाचे भाषांतर झालेले नसल्यास शेवटी इंग्रजी मजकूर दाखविला जातो. जागा रिकामी राहत नाही.

या पद्धतीतही खाचखळगे आहेत. फाइल वेळेवर न आल्यास बटणावर शब्दांऐवजी नुसती खूण दिसते. मजकुराचे अतिबारीक तुकडे केल्यास दर पावलाला नवी मागणी पाठवावी लागते आणि कमजोर संपर्कात तीच अडचण होऊन बसते. म्हणून पानागणिक नव्हे, तर सेवेगणिक विभागणी बरी. एकदा आलेली फाइल मोबाइलमध्ये साठून राहते, हा लाभच; परंतु शुल्क बदलले आणि फाइलीचे नाव जुनेच राहिले, तर नागरिकाला जुना आकडा दिसत राहील. यास्तव प्रत्येक सुधारणेबरोबर फाइलीच्या नावातील आवृत्तिक्रमांक बदलतात.

सर्वांत महत्त्वाचा विचार पुराचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक गावांचा संपर्क तुटला होता. अशा वेळी मोबाइलला काही क्षणच संपर्क मिळू शकतो. तेवढ्यात पानाचा सांगाडा उतरला आणि स्थलांतराची सूचना मात्र मागाहून येणाऱ्या फाइलीत राहिली, तर ते संकेतस्थळ असून नसल्यासारखेच. पाणीपातळी, निवारा केंद्र व संपर्क क्रमांक यांची वाक्ये थोडकी असतात. ती पहिल्याच पानासोबत, मराठीत व कन्नडमध्येही, पाठवावीत. कोणता मजकूर थांबू शकतो व कोणता नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने दूर बसून ठरविण्याजोगे नाही. नगरपरिषद, तहसील कार्यालय व ग्रामपंचायती यांनी ती यादी त्याच्या हाती दिली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी जुन्या मोबाइलवर, वेग मुद्दाम कमी करून आणि भाषेची फाइल मध्येच अडवून एक चाचणी घ्यावी. पडद्यावर सूचना दिसते की नुसती खूण, हे तेव्हा कळते.